गुढीपाडव्यापर्यंतची मुदत

देशातल्या सगळ्या प्रवासी विमान कंपन्यांना, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आणि मुंबईहून विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला हा जाहीर इशारा आहे. विमान खाली उतरायला लागलं की केबिन क्रूला आधी जागेवर बसवा, पट्टे आवळायला लावा, ट्रॉली बंद करा. हे करायला येत्या गुढीपाडव्यापर्यंतची मुदत आहे. पाडवाच का, तेही सांगतो. चैत्र अर्धा सरतो न सरतो तोच बंगाल, झारखंड, बिहारच्या आभाळात दुपारनंतर वादळी ढग चढायला लागतात आणि पावसाळा नीट बसेपर्यंत ते चढतच राहतात. मुंबईहून कोलकाता, दुर्गापूर, रांची, पाटण्याला जाणारी संध्याकाळची विमानं याच ढगांच्या आजूबाजूने खाली येतात. कुणी जखमी झाल्यावर परिपत्रक काढायची वाट आम्हाला बघायची नाही.

'आम्ही' म्हणजे कोण? आम्ही परळ-लालबागचे, दादर-गिरगावचे लोक. आमच्या घरांतल्या मुली आणि मुलं आज या नोकरीत आहेत. आजोबा गिरणीत, वडील बेस्टमध्ये नाहीतर बँकेत, आणि नात पहाटे साडेतीनला गणवेश करून, अंबाडा घट्ट बांधून, बॅग ओढत कंपनीच्या गाडीची वाट बघत गल्लीच्या तोंडाशी उभी. तिचा सगळ्या चाळीला अभिमान आहे. वर गेल्यावर ती कोणता धोका पत्करते, हे मात्र चाळीला माहीत नसतं. बरेचदा आईवडिलांनाही नसतं, कारण ती घरी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

१ मे २०२२. रविवार होता, महाराष्ट्र दिन होता आणि कामगार दिनही. स्पाइसजेटचं एसजी-९४५ हे बोइंग ७३७ विमान त्या संध्याकाळी मुंबईहून दुर्गापूरला निघालं. दोन पायलट आणि चार केबिन क्रू धरून आत १९५ माणसं होती. दुर्गापूरला उतरता उतरता विमान वादळाच्या तडाख्यात सापडलं. पुढचे आकडे खुद्द महासंचालनालयाने जाहीर केलेले आहेत. विमानावरचा उभा भार अधिक २.६४ जी ते उणे १.३६ जी इतका वरखाली झाला. ऑटोपायलट दोन मिनिटं सुटलं आणि तेवढा वेळ पायलटांनी विमान हाताने सांभाळलं. १४ प्रवासी आणि केबिन क्रूमधले ३ जण जखमी झाले. कुणाच्या डोक्याला, कुणाच्या खांद्याला, कुणाच्या चेहऱ्याला, कुणाच्या पाठीच्या कण्याला मार बसला. दोघांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. कण्याला दुखापत झालेला एक ४८ वर्षांचा प्रवासी पुढे सप्टेंबरमध्ये दगावला. विमानाच्या मुख्य पायलटचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला आणि लोक विसरून गेले.

मी विसरलो नाही, कारण या आकड्यांमध्ये एक गोष्ट आहे जिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. प्रवासी १८९, त्यांतले जखमी १४. म्हणजे साधारण तेरा-चौदा प्रवाशांमागे एक. केबिन क्रू चार, त्यांतले जखमी तीन. चारातले तीन! विमान तेच, वादळ तेच, वेळही तीच. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेबही याच दिशेला बोट दाखवतो. २००९ ते २०२२ या काळात तिथे टर्ब्युलन्समुळे, म्हणजे हवेच्या गचक्यांमुळे, गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ विमानातले कर्मचारी होते, प्रवासी फक्त ३४. विमानात प्रवासी शेकड्याने आणि क्रू बोटांवर मोजण्याइतके, तरीही जखमींमध्ये भरणा क्रूचा. यात नशिबाचा काही संबंध नाही. बाकी सगळे बसले, सगळ्यांचे पट्टे लागले, ट्रॉल्या आत गेल्या, गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर आवरलं, की मग शेवटी स्वतः बसायचं, अशीच त्यांच्या कामाची रचना आहे. ही रचना माणसांनी केलेली आहे आणि माणसांना ती बदलता येते.

उणे १.३६ जी म्हणजे अंगावर काय येतं, ते ऐका. जमिनीवर आपल्याला आपलं वजन जसं जाणवतं, तो एक जी. अधिक २.६४ म्हणजे ६० किलोच्या मुलीला आपलं शरीर जवळपास १५८ किलोचं झाल्यासारखं वाटतं, गुडघे आणि कणा त्या भाराखाली दबतात. शून्याच्या खाली गेलं की सगळं उलटं होतं. छत जमीन होतं. पट्टा नसलेला माणूस वर फेकला जातो, सामानाच्या कप्प्यांवर नाहीतर छतावर आदळतो आणि पुढच्याच क्षणी तिथून खाली, हातावर, मानेवर, खुर्चीच्या कडेवर. ८० किलोची भरलेली ट्रॉली छताकडे १०० किलोहून जास्त जोराने जाते आणि मग खाली येते ती अडीचपट जड होऊन. किटलीतला कढत चहा त्याच वाटेने जातो. हे सगळं व्हायला किती वेळ लागतो? २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू-३२१ विमान म्यानमारवर ३७,००० फुटांवर असताना असंच हादरलं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेच्या पहिल्या अहवालानुसार भार अधिक १.३५ वरून उणे १.५ वर यायला लागले ०.६ सेकंद, आणि तिथून परत अधिक १.५ वर जायला ४ सेकंद. एका ७३ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. ०.६ सेकंदात माणूस 'अगं आई' सुद्धा पुरतं म्हणू शकत नाही. तेवढ्यात कुणी ट्रॉलीचा ब्रेक लावून, मागे धावत जाऊन, जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, खांद्याचे पट्टे अडकवेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा स्वतः करून बघावं.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: 'अचानक आलं, कल्पना नव्हती.' हे उत्तर अर्धंच खरं आहे. निरभ्र आभाळातल्या, जेट प्रवाहाच्या कडेच्या गचक्यांच्या बाबतीत ते खरं आहे. विमानाच्या नाकातलं रडार पाण्याचे थेंब बघतं, हवा बघत नाही. तिथे ढग नसतो, म्हणून रडारवर काही उमटत नाही. वादळी ढगांच्या शेंड्याला बर्फाचे कोरडे स्फटिक असतात, तेही रडारला फिकेच दिसतात. पण वैशाखात संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बंगालवर वादळ असणं, याला अचानक म्हणत नाहीत. हवामान खात्याचा अंदाज हाताशी असतो, उपग्रहाचं चित्र असतं, पुढे गेलेल्या विमानांचे निरोप असतात. ७ जून २०२१ ला विस्ताराचं मुंबईहून कोलकात्याला निघालेलं यूके-७७५ विमान उतरायला सुमारे १५ मिनिटं असताना अशाच तडाख्यात सापडलं होतं. ८ प्रवासी जखमी झाले, काहींना गंभीर इजा झाली. म्हणजे २०२२ च्या दुर्घटनेआधी वर्षभरही झालं नव्हतं. मुंबईहून निघालेलं विमान, बंगालचं आभाळ, पावसाळ्याआधीचे दिवस आणि उतरण्याची वेळ, चारही गोष्टी तशाच्या तशा. नक्की कुठल्या क्षणी हादरा बसेल ते सांगता येत नाही, हे मान्य. पण कुठल्या महिन्यात, कुठल्या मार्गावर, उड्डाणाच्या कुठल्या टप्प्यात तो बसण्याचा संभव जास्त, हे माहीत असताना त्या टप्प्यात पोरींना चहाचे कप गोळा करत उभं ठेवणं हा गुन्हा आहे. मी हा शब्द विचार करून वापरतो आहे.

पुढे हे कमी होईल या भ्रमातही कुणी राहू नका. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की उत्तर अटलांटिकवर निरभ्र आभाळातला तीव्र टर्ब्युलन्स १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढला. पृथ्वी तापते आहे, तसे उंचावरचे वारे जास्त बिनसतात. शिवाजी पार्कच्या आसपास आणि हिंदू कॉलनीत घरटी एक मुलगा न्यू जर्सीत. सत्तरीचे आजी-आजोबा नातवंडं बघायला अटलांटिकवरच्या याच वाटेने जातात.

जगात इतरांनी काय केलं ते बघा, म्हणजे आमची मागणी हवेतली नाही हे कळेल. एसक्यू-३२१ नंतर काही दिवसांतच सिंगापूर एअरलाइन्सने ठरवलं की पट्ट्याचा दिवा लागला की गरम पेयंच नव्हे, जेवण वाढणंही बंद, आणि क्रूनेही बसायचं. कोरियन एअरने जुलै २०२४ पासून केबिनमधलं काम उतरण्याच्या २० मिनिटं आधी संपवायचं ते ४० मिनिटं आधी संपवायला सुरुवात केली, आणि ऑगस्टपासून इकॉनॉमीतल्या प्रवाशांना उकळत्या पाण्यातले नूडल्स देणं थांबवलं. अमेरिकेतल्या साउथवेस्टने डिसेंबर २०२४ पासून केबिनची उतरण्याची तयारी १०,००० फुटांऐवजी १८,००० फुटांवरच सुरू करायचं ठरवलं. या कंपन्या तोट्यात गेल्या? प्रवासी पळाले? कुणीही पळालं नाही. लोकांना चहा थोडा आधी मिळाला, एवढंच.

कामगाराच्या जिवासाठी भांडणं परळला नवीन नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी इथेच गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. रविवारची सुट्टी त्या निवेदनातली, ती सगळ्यांना आठवते. त्यातलीच दुसरी एक मागणी फारशी कुणाला आठवत नाही. कामावर असताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. एकशे चाळीस वर्षांपूर्वी, शिक्षण नाही, संघटनेचा कायदा नाही, मतदानाचा हक्क नाही अशा माणसांनी हे मागितलं. आज इंग्रजी बोलणाऱ्या, पदवीधर केबिन क्रूसाठी तेच पुन्हा मागावं लागतं आहे. कारण असं की क्रूच्या मासिक कमाईचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा असतो. कणा दुखावला, घोटा मोडला, की उड्डाण बंद. उड्डाण बंद की भत्ता बंद. घराचा हप्ता आणि बापाचं औषध मूळ पगारावर भागत नाही. मग काय होतं? ती दुखणं लपवते, गोळी घेते आणि पुन्हा उभी राहते. ज्या माणसाने संकटात तुम्हाला विमानाबाहेर काढायचं, त्यालाच तुम्ही मोडक्या पाठीने कामावर यायला भाग पाडता.

हक्क या मुलींना कुणी आपणहून दिलेले नाहीत, हेही लक्षात असू द्या. पहिल्या बाळंतपणाला नोकरी जायची, तो एअर इंडियातला नियम रद्द करून घ्यायला नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, १९८१ मध्ये. धोबी तलावच्या झेवियर्समध्ये शिकलेल्या नीरजा भनोतला १९८६ मध्ये कराचीत प्रवाशांना वाचवताना मरण आलं, तेव्हा देशाने तिला अशोक चक्र दिलं. मरणानंतरचा सन्मान आम्ही डोक्यावर घेतो. जिवंतपणीच्या पट्ट्याचं काय?

तर आता नीट ऐका. विमान कंपन्यांनी लेखी जाहीर करावं की उतरताना १८,००० फुटांच्या खाली क्रू जंप सीटवर, खांद्याचे पट्टे लावून बसलेला असेल आणि त्याआधी ट्रॉल्या कुलूपबंद झालेल्या असतील. मार्च ते सप्टेंबर या काळात वादळी पट्ट्यातल्या मार्गांवर ही सीमा २०,००० फूट असावी. पट्ट्याचा दिवा लागला की विक्री बंद, वाटप बंद, कचरा गोळा करणं बंद. पायलटने 'केबिन क्रू, बसा' म्हटलं की ट्रॉली आहे तिथे ब्रेक लावून सोडायची आणि जवळ असेल त्या रिकाम्या जागेवर बसायचं. त्यासाठी कुणाला कारणे दाखवा नोटीस देता कामा नये. खाण्याच्या विक्रीचा हिशेब कुठल्याही क्रूच्या बढतीला, कमिशनला किंवा ड्यूटीच्या वाटपाला जोडता कामा नये. विक्री करावी की बसावं, असा प्रश्न त्या मुलीच्या मनात क्षणभरही यायला नको. उड्डाणाआधी पायलट आणि क्रूची जी बैठक होते तिच्यात त्या मार्गावरचं हवामान, कुठल्या मिनिटापासून बसायचं, हे पायलटने स्वतः सांगावं. आणि जखमी क्रूला बरं होईपर्यंत पूर्ण पगार हवा. पूर्ण म्हणजे उड्डाण भत्त्याच्या सरासरीसह. कायमची इजा झाली तर जमिनीवरची नोकरी, त्याच पगारात. कंत्राटी असो, कायम असो, प्रशिक्षणात असो. लोखंड्यांनी मागितलं होतं तेवढंच मागतो, पैसाभरही जास्त नाही.

महासंचालनालयाला वेगळं सांगतो. तुमचं काम पायलटचा परवाना निलंबित करून संपत नाही. उतरण्याच्या टप्प्यात क्रूने केव्हा बसायचं हे कंपनीच्या मर्जीवर सोडू नका, त्याचा नियम करा. टर्ब्युलन्समध्ये दर वर्षी किती प्रवासी आणि किती क्रू जखमी झाले, कुठल्या कंपनीच्या, कुठल्या मार्गावर, कुठल्या उंचीवर, याचा तक्ता कंपनीचं नाव घालून जनतेपुढे ठेवा. लंगडत घरी आलेल्या मुलीची दुखापत कंपनीच्या वहीतून 'किरकोळ' म्हणून निसटणार नाही, याची व्यवस्था करा. दुखापत किती गंभीर हे डॉक्टरने ठरवायचं, ड्यूटी मॅनेजरने नाही.

आणि युनियनवाल्यांनो! परळ-दादरमध्ये तुमचे फलक आहेत, तुमची परंपरा मोठी आहे. ही मुलंही कामगार आहेत. लिपस्टिक आणि टाय बघून तुम्ही त्यांना साहेबलोकांत धरलंत, ती तुमची चूक सुधारा.

आता प्रवाशांकडे येतो, कारण तुम्हीही यातून सुटत नाही. पट्ट्याचा दिवा विझला की खाडकन बकल उघडण्याचा आवाज साऱ्या केबिनभर होतो. कशासाठी? बसलेला असाल तोवर पट्टा कमरेला लागलेलाच ठेवा, अंगाशी घट्ट, पोटाच्या खाली. पट्टा न लावलेला तुमचा देह शेजारच्याच्या डोक्यावर पडतो, म्हणजे हा तुमच्या एकट्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. बाळाला दिलेला जोड-पट्टा लावा. आईच्या मिठीत कितीही माया असली तरी २.६४ जी मध्ये १० किलोचं बाळ २६ किलोचं होतं आणि पुढच्या क्षणी ते हातांतून वर जातं. शक्य असेल तर बाळासाठी वेगळी जागा घ्या. वरच्या कप्प्यात पितळी समई, लोणच्याच्या बरण्या, वजनदार ट्रॉफ्या कोंबू नका, तो कप्पा उघडतो. खाली उतरताना पाण्यासाठी, कचरा देण्यासाठी, बाथरूमसाठी घंटी दाबू नका. त्या घंटीमुळे ती उठते. 'बसा' म्हणून ती ओरडली तर तिचा आवाज चढला म्हणून तक्रार लिहू नका, ती तुमचा जीव वाचवते आहे. गणपतीला विमानाने कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनाही हेच सांगणं. भर पावसात सह्याद्रीच्या कडेला विमान हलतं, आणि मुंबई ते कोकण हा प्रवास इतका छोटा की चढल्या चढल्याच उतरायला लागतं. तेवढ्या वेळात कुणी चहा मागू नये, कुणी विकू नये.

पाडव्यापर्यंत कंपन्यांनी आणि महासंचालनालयाने यावर लेखी उत्तर द्यावं. ते आलं नाही, किंवा 'प्रवाशांची सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य' अशा छापील वाक्यावर आमची बोळवण केली, तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकाराखाली पहिला अर्ज महासंचालनालयाकडे जाईल. त्यात २०२१ पासून टर्ब्युलन्समध्ये जखमी झालेल्या प्रत्येक केबिन क्रूची नोंद, नाव वगळून, मागितलेली असेल. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी कंपन्या त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. कंपन्यांकडून महासंचालनालयाने काय मागितलं आणि काय मागितलं नाही, ते मात्र त्या उत्तरातून कळेल. त्या उत्तराच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. पाडव्यापासूनच, जी कंपनी १८,००० फुटांचा नियम मान्य करणार नाही तिच्या विमानात आम्ही पाण्याखेरीज काहीही विकत घेणार नाही. सँडविच नाही, चहा नाही, काजूचा डबा नाही. परळच्या नाक्यापासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत, घराघरांत जाऊन प्रत्येक प्रवाशाला हे सांगितलं जाईल, आणि विक्रीच बंद पडली की ट्रॉली आपोआप आत जाईल.

१ मेला, पोलिसांची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही आझाद मैदानात बसू. ज्यांच्या मुली-मुलांना या नोकरीत दुखापत झाली ते आईवडील पुढच्या रांगेत असतील. मुलांना त्या दिवशी ड्यूटी असेल. तुम्हीच लावलेली असेल.